पहिला सामना कोणता?
बेंगळुरूच्या जयनगरातल्या फुटबॉलवेड्याला त्यानं पाहिलेला पहिला सामना विचारा. कॉलेजचा सामना क्वचितच कुणी सांगेल. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलला लाखभर माणसं जमतात (तो खेळ निराळा, चेंडू बहुतेक वेळ हातातच!), आपल्याकडे खेळाडूंचे चार मित्र आणि पीटीचे सर. म्हणून इथल्या आठवणी थेट अशोकनगरच्या फुटबॉल स्टेडियमवर जातात. २२ सप्टेंबर २०१३ रोजी बेंगळुरू एफसी तिथं पहिला आय-लीग सामना खेळली, समोर मोहन बागान. शॉन रूनीनं क्लबचा पहिला गोल मारला, सामना १-१ असा सुटला. त्याच मोसमात विजेतेपदही आलं. ‘त्या दिवशी आम्ही होतो’ म्हणणारे आता इतके झालेत, की त्या छोट्या स्टेडियमात ते मावलेच नसते! जुन्या मंडळींना मात्र ही कालपरवाची गोष्ट. त्यांच्या तोंडी अहमद खान आणि सारंगपाणी रामन. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल रामनचा, आणि संघातले बरेचसे गडी अनवाणी. दोघंही याच शहराचे. क्रिकेटच्या गजरात ही नावं मागं पडली, याची चीड येते. असो. क्लब आता कंठीरवा स्टेडियमवर खेळतो. जयनगरहून मेट्रो धरा, मॅजेस्टिकला बदला, कब्बन पार्कला उतरा. आणि जाताना घरातलं एखादं पोर सोबत न्याच.