कबर नसलेला यशवंत

नोव्हेंबर लागायच्या आधी आजी मला सियागंजला पिटाळते. ठोकच्या दुकानातून मेणबत्त्यांचे पुडे घेतले की चार पैसे वाचतात, हा तिचा हिशेब. हातगाड्या, लोडिंग रिक्षा आणि मिरचीच्या पोत्यांमुळे येणाऱ्या शिंका यांतून वाट काढत मी पुडे आणते. २ तारखेला मृतांच्या स्मरणदिनी आम्ही कबरस्तानात जातो. घरच्यांच्या कबरींवर लावून उरलेल्या मेणबत्त्या मोठ्या क्रुसाखाली लावायच्या. ज्यांची कबर लांबच्या गावी आहे किंवा कुठेच नाही, त्यांच्यासाठी.

यंदा तिथे एक मेणबत्ती मी यशवंत घाडगेच्या नावाने लावणार आहे. कोण यशवंत, असं विचारलंत तर तक्रार नाही. मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

झालं असं, की मी फ्रान्सिस लेडविज वाचत होते. आयर्लंडच्या स्लेन गावचा कवी, रस्त्याची कामं करणारा मजूर. तो ब्रिटिश सैन्यात गेला. १९१६ साली डब्लिनच्या उठावात त्याच्या कवीमित्राला इंग्रजांनी गोळ्या घातल्या, आणि हा त्याच इंग्रजांच्या गणवेशात. ३१ जुलै १९१७ ला बेल्जियममध्ये रस्ता बांधतानाच तोफगोळ्याने मेला. स्वतंत्र आयर्लंडला अशा मुलांचं काय करावं, हे कितीतरी वर्षं कळेना. वाटलं, आपल्याकडेही असतीलच की असे.

तर यशवंत. रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या पळसगावचा, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन चालली. त्याच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. त्याने एकट्याने धावत जाऊन ती चौकी घेतली आणि तिथेच लपलेल्या बंदूकबाजांच्या गोळ्यांनी पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. वय २२. (माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठा, म्हणून ‘तो’ म्हणतेय, राग नसावा.)

हे सांगितल्यावर वर्गातला एक मित्र म्हणाला, ‘इंग्रजांच्या पगारावर लढला ना? मग शहीद कसला?’ प्रश्न चुकीचा नाही. त्या जुलैत नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. कस्तुरबांना आगाखान पॅलेसमध्ये जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. पण समोर हिटलरचं सैन्य होतं, हेही तितकंच खरं. मला वाटतं, आठवण ठेवायला आधी ‘कोणाच्या बाजूचा’ हा दाखला मागणं सोडलं पाहिजे. तो दाखला मागत बसलो, की १९४७ च्या अलीकडचे तेवढे आपले आणि पलीकडचे बेवारस. त्या युद्धात २५ लाख भारतीय सैन्यात होते. त्यातले किती जण आपल्या शाळेच्या पुस्तकात भेटले, सांगा बरं?

दुसरं म्हणजे, पदकाच्या कागदात त्याच्या आयुष्याची फक्त शेवटची काही मिनिटं आहेत, आणि त्यात तो माणसं मारतोय. मला ती शौर्यकथा पुन्हापुन्हा सांगायची नाही. कोकणातल्या एका गावचा मुलगा परक्या मुलखात मेला आणि त्याला कबर मिळाली नाही, एवढंच मला लक्षात ठेवायचंय. संत बेनेडिक्टच्या मठाच्या डोंगराखाली कॅसिनोला स्मारक आहे. कबर नसलेल्या चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथे कोरलीत, त्यांत त्याचंही आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. माणगावात पुतळा आहे. आपल्या इंदूरच्या मराठी माणसाला मात्र नाव विचारून बघा.

आजीला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘लग्न झालं होतं का गं त्याचं?’

हो म्हटलं. पदक दिल्लीत त्याच्या बायकोच्या हातात दिलं होतं.

‘मग दोन काढून ठेव,’ आजी म्हणाली.