मधले पद

पुरणपोळी हा मध्यमपदलोपी समास, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. ‘भरून’ हे मधले पद दिसत नाही. पण त्याच्यावाचून पोळी पोकळ! टेबलावर अंथरायच्या गोधडीवजा कापडाचेही तसेच.

आमच्या पाथरीकडे दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो. तोच आत भरावा, असे कुणालाही वाटेल. पण भगिनींनो, टाके दाट नसले तर सुटा कापूस धुण्यात गोळा होतो. पॉलिएस्टरची भर हलकी, लवकर वाळणारी खरी. पण तापल्या तव्याखाली ती वितळू शकते. शिवाय फुगीर भरीवर पेला डुलतो, नि सरबत पाहुण्यांच्या मांडीवर!

आपल्या आज्यांनी वाकळीत जुनी लुगडी-धोतरे घातली, ती उगीच नव्हे. पुष्कळदा धुतलेले सुती वस्त्र आटायचे तेवढे आटलेले असते. सबंध टेबलाला त्याचा एक थर पुरे, म्हणजे कडा नीट खाली पडतात. मधल्या लांब पट्टीला तीन घालावेत. मांजरपाट नवे असेल, तर आधी भिजवून वाळवावे. कढत भांड्याखाली मात्र लाकडी चकती हवीच.

आजोबांचे विरलेले धोतर बोहारणीला दिले, तर फार तर एक वाटी मिळेल. आत घातलेत, तर ते रोज पंगतीला असेल.