नाटकातले भूत बरे, देवरुषाचे नको

भुताखेतांची नाटके पोरांना दाखवू नयेत, पोरे रात्री दचकून उठतात, असे पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. आमचे मत ह्याच्या उलट आहे. भीती पाहावयाचीच असेल तर ती रंगमंचावर, तिकीट काढून, चार लोकांच्या मांडीला मांडी लावून पाहावी.

भयकथा डोळ्यांपुढे उभी करणे आपल्या लोकांस नवे नाही. इंदापूर तालुक्यात नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. खांब फोडून निघालेला नरसिंह हिरण्यकशिपूचे पोट फाडतो, ह्याहून भयंकर प्रसंग तो कोणता? पण लळितात किंवा दशावतारात असले सोंग पाहणारास ठाऊक असे की, रात्रीचा राक्षस सकाळी तोंडाचा रंग धुऊन आपल्यासारखाच भाकरी खातो. ह्या खेळाचा खरा लाभ तोच.

लंडनात ‘द वुमन इन ब्लॅक’ हे भुताचे नाटक १९८९ पासून २०२३ पर्यंत चालले. त्यात बोलणारे नट दोनच. थोडे सामान, अंधार आणि एखादी किंकाळी, एवढ्यावर प्रेक्षक गारठतो. बाकीचे भूत तो आपल्याच डोक्यात तयार करतो. आता देवरुषाचे घर आठवा. तेथेही अंधार, धूप, लिंबू, घुमणे आणि चढता आवाज. बाकीचे भूत दुःखी माणूस आपल्या काळजीतून पुरवितो. कसब एकच. फरक एवढाच की, नाटकवाला पडदा पाडून नमस्कार करतो, आणि देवरुषी पुढल्या अमावास्येला पुन्हा बोलावतो!

जोतीराव फुल्यांनी हे मर्म १८५५ सालीच ओळखले. त्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात भूत नाही. जोशी गर्भवती कुणबिणीस ग्रहांची भीती घालतो व गरिबाचे घर नागवितो. शेजारी विदूषक उभा राहून प्रत्येक डाव उघडा करतो. शेवटी नवराबायको शाळेची वाट धरतात. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही, ह्यात नवल ते काय?

आज कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप चावलेल्यास दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणे हा त्यात गुन्हा असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. उसाच्या फडात राबणाऱ्यांनी हे कलम पाठ करावे. परंतु भ्यालेला माणूस फिर्याद देत नाही. म्हणून आधी भीती मोडली पाहिजे.

ती लहानपणी मोडते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ साली वैभव मांगल्यांनी. चेटकीण म्हणजे रंग फासलेला पुरुष! हे ज्या पोराने पाहिले, ते मोठेपणी एखाद्या निराधार विधवेस चेटकीण म्हणून दगड मारावयास सहजी धावणार नाही.

तेव्हा बारामती-इंदापूरकडील यात्रा कमिट्यांस आमचे सांगणे आहे. वर्गणीतून एक तरी भयनाटक आणा. बारामतीत गदिमांच्या नावाचे सभागृह आहे, तेथे शाळेची मुले न्या. मात्र खेळ संपला की पडदा पुन्हा उघडा. पोरांना रंगमंचावर बोलवा. दिवा कोठे लपविला, किंकाळी कोणी फोडली, रक्त कशाचे केले, सारे हाताळू द्या. मुलींना पुढे बसवा, कारण अंगात येण्याचे ओझे बहुधा बायकांच्याच माथी मारले जाते.

आणि घरी कोणी अंगारा घेऊन आला, तर त्यासही हेच सांगा: बाबा, खेळ झाला असेल तर आता दिवा लाव, आणि आतले सामान दाखव.