टोमॅटोवरील वनस्पतिजन्य अर्क आणि आपली जबाबदारी

आपल्या संघाचे बहुसंख्य सभासद धान्याचे व्यापारी असले, तरी अलीकडे अनेक घरांतील चिरंजीवांनी खते, बियाणे व औषधांची दुकाने थाटली आहेत, हे सर्वांस विदित आहेच. त्या दुकानांतून सांप्रत वनस्पतिजन्य अर्कांच्या बाटल्यांना चांगली मागणी आहे. 'टोमॅटोच्या सर्व जिवाणूजन्य रोगांवर रामबाण' असे जिच्यावर छापले आहे, अशी बाटली आपण विकावी काय, एवढाच प्रश्न मी येथे मांडतो. माझ्या मते विकू नये.

अर्क निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नव्हे. धान्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत आपल्याला नवी नाही. कडुनिंबाच्या तेलाने बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली अमेरिकन सरकार व तेथील एका कंपनीस पेटंट दिले होते. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. पुण्याच्या एका उत्पादकाची साक्ष त्या कामी उपयोगी पडली. लसणाचेही तसेच. आपल्या स्वयंपाकघरात त्याला थारा नाही, परंतु लसूण ठेचला असता त्यात उत्पन्न होणारे ॲलिसिन हे द्रव्य जिवाणूंना मारक असते, ही गोष्ट १९४४ सालापासून शास्त्रास ठाऊक आहे.

अडचण टिकण्याची आहे. ॲलिसिन लवकर विघटित होते. कडुनिंबातील ॲझाडिराक्टिन उन्हाने निकामी होते. म्हणूनच शंभर लिटर पाण्यास पाच किलो निंबोळ्या या प्रमाणाचा अर्क ताजा करून संध्याकाळी फवारतात, आणि तोही मुख्यतः किडींसाठी. प्रयोगशाळेच्या बशीत जिवाणूंची वाढ रोखणारा अर्क पावसापाण्यात तेवढेच काम करील, असे गृहीत धरता येत नाही. मग दोन उन्हाळे दुकानाच्या फळीवर काढलेल्या बाटलीची काय कथा!

शिवाय रोगारोगांत भेद आहे. पानांवर काळपट ठिपके पडणारा रोग बियाण्याबरोबर येतो. तेथे पन्नास अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात पंचवीस मिनिटे बीजप्रक्रिया करावी. आरंभीच फवारलेल्या अर्काची थोडी मदत झाली तर होईल. मर रोगाचे जिवाणू मात्र जमिनीतून मुळांवाटे शिरून झाडाच्या जलवाहिन्या तुंबवितात. पाने हिरवी असतानाच झाड माना टाकते. अशा झाडाच्या बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावा. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरू लागली, म्हणजे ओळख पटली. पानांवर फवारलेला अर्क तेथवर पोचणार कसा?

माझ्या पेढीशी व्यवहार असलेल्या एका शेतकऱ्याने उचल घेऊन असल्या बाटल्या तीनदा फवारल्या. पीक बसले ते बसलेच.

यावर कोणी म्हणेल, मग प्रतिजैविके द्यावीत. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोग्याचे औषध आहे. शेतात त्याचा वापर वाढला की, त्याला दाद न देणारे जिवाणू निपजण्याचे भय वाढते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या शेतीतील वापरास बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच कारणाने. तो मार्ग आपण धरू नये.

मर रोगावर खरे उपाय दुकानाबाहेरचे आहेत. रोगट झाडे उपटून नष्ट करावीत. त्या रानात वांगी, मिरची, बटाटा न घेता ज्वारी किंवा मका घ्यावा. (धान्याच्या व्यापाऱ्याने ज्वारीची शिफारस करावी, यात कोणास स्वार्थ दिसला तर दिसो.) बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेले 'अर्का रक्षक' हे संकरित वाण या रोगास प्रतिकारक्षम आहे.

दुकानदार चिरंजीवांना माझी सूचना एवढीच, की पावतीवर बाटलीची निर्मितीची तारीख आणि कोणत्या रोगासाठी दिली हे लिहावे. गिऱ्हाइकाने मर सांगितली, तर बाटली न देता त्यास बीदरच्या कृषी विज्ञान केंद्राकडे धाडावे. याने विक्री घटेल, हे मी जाणतो. परंतु संतपूरसारख्या गावी ती बाटली बहुधा उधारीवर जाते, आणि पीक बुडाले की ती बाकी, उचलीसह, आपल्याच खातेवहीत थकून राहते.