पाडवा ते पाडवा : समाजाला दिलेले एक वर्ष

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाला सभा-मोर्चांची जुनी सवय आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तेथे उभा आहे आणि १८५७ च्या उठावात प्राण गमावलेल्या शिपायांची आठवण जपणारा काळा चबुतराही त्याच परिसरात आहे. शहराला काही मागायचे असले, की ते येथे येऊन मागते. मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ रोजी येथूनच निघाला. संध्याकाळी मात्र गर्दी पांगते, निवेदनाची प्रत कार्यालयात जमा होते आणि दुसऱ्या दिवशी चौकात पुन्हा नेहमीची वर्दळ सुरू होते. मागणी करणारे पुष्कळ असतात. त्या मागणीचा वर्षभर पाठपुरावा करणारी माणसे थोडी. नाथसागर फार दूर नसतानाही शहरातील अनेक वसाहतींना नळाचे पाणी काही दिवसांआड मिळत आले आहे, त्याला या उणिवेचाही हातभार आहे.

पाठपुरावा करणारी माणसे कशी घडतात, याचे उत्तर याच शहराच्या इतिहासात सापडते. १९३८ साली येथील इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थी मागे हटले नाहीत. संपाचे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले, शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या तेरा महिन्यांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली कित्येक तरुणांनी घर आणि शिक्षण बाजूला ठेवून सरहद्दीवरील केंद्रांत काम केले. अशा कामात निरोप, पैसा आणि माणसांचे प्राण यांची जबाबदारी लहान वयातच अंगावर येते. मुक्तिसंग्रामात तावून-सुलाखून निघालेल्या माणसांनी पुढे मराठवाड्याच्या संस्था उभ्या केल्या. गोविंदभाई श्रॉफ यांनी सरस्वती भुवन शिक्षण संस्थेची धुरा वाहिली. अनंत भालेराव यांनी दैनिक ‘मराठवाडा’चे संपादन केले. संग्राम संपला, तरी त्यातून लागलेले वळण आयुष्यभर टिकले.

व्यापारी घरांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव काही काळ ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. माल खपवण्यासाठी ज्या उंबऱ्यांवर त्यांना जावे लागे, त्याच उंबऱ्यांआड अक्षरशून्यता ठाण मांडून बसली होती. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांची चूल पेटती राहावी म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याची गरज ओळखणे, उधारी सांभाळणे, दिलेला शब्द पाळणे, पैशापैशाचा हिशेब ठेवणे, हे गुण सार्वजनिक कामातही तितकेच मोलाचे असतात आणि व्यापाऱ्याच्या घरातील मुलांना ते बाळकडूसारखे मिळालेले असतात.

आजच्या काळात हाच विचार पद्धतशीरपणे राबवणारा एक उपक्रम महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेद्वारे आरोग्याचे काम करणारे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ सुरू केले. शिबिरांतून समाजाचे प्रश्न समजून घेतल्यावर त्यातील काही तरुण एक वर्ष प्रत्यक्ष कामाला देतात. या वर्षासाठीच्या पाठ्यवृत्तीचे नावच ‘कर के देखो’ असे आहे. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्येही तरुण पदवीधर साधारण वर्षभर प्रशासनासोबत राहून त्याचे कामकाज आतून पाहतात.

वर्षच का, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नव्या दुकानाचा अंदाज एका महिन्यात येत नाही. लग्नसराई, पावसाळ्यातील मंदी, सणासुदीची उलाढाल, अशी सारी चक्रे एकदा फिरली, की गल्ल्याचे खरे रूप कळते. वस्तीचेही तसेच असते. उन्हाळ्यात टँकरची वाट, जूनमध्ये शाळाप्रवेशाची धावपळ, पावसाळ्यात तुंबलेली गटारे आणि ताप, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला जागा नसलेली मुले, हे सारे ज्याने एकाच ठिकाणी राहून पाहिले, त्यालाच तेथील माणसे आपले मानतात. पहिले काही महिने नावे आणि घरे ओळखण्यातच जातात. मग पहिले अपयश येते. अर्ज परत येतो, बैठकीला कोणी फिरकत नाही, ज्याच्यावर विसंबावे तोच पाठ फिरवतो. एका दिवसाचे शिबिर घेणाऱ्याच्या वाट्याला हा अनुभव येत नाही. तो घरी परततो तेव्हा हार त्याच्या गळ्यात असतो. वर्ष देणाऱ्याला मात्र अपयशानंतरही दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत जावे लागते. नेतृत्वाची खरी परीक्षा तेथे होते.

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी अनाठायी नाही. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा दुकानात बसू लागला, की वडिलांच्या खांद्यावरचे ओझे हलके होते. त्याच सुमारास लग्नाचीही बोलणी सुरू होतात. अशा वेळी तो वर्षभर बाहेर गेला, तर गिऱ्हाईक तुटेल, सोयरीक लांबेल, नातलग चार शब्द बोलतील, अशी भीती असते. ज्या घराचा गाडा त्या एकाच तरुणावर चालतो, तेथे हा आग्रह धरूही नये. परंतु जेथे काका, भाऊ, मुनीम सांभाळणारे आहेत, तेथे हे वर्ष वाया गेले असे म्हणता येणार नाही. कार्यालयात हेलपाटे घालून एक काम मार्गी लावणारा, परक्या माणसाचे ऐकून घेणारा आणि नकार पचवणारा मुलगा दुकानात परततो, तेव्हा तो गादीवर बसण्यास अधिक योग्य झालेला असतो.

हे वर्ष फळावे यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. काम एकाच वस्तीत असावे आणि प्रश्नही एकच हाती घ्यावा. सोबत अनुभवी मार्गदर्शक असावा. दर महिन्याला कामाचा आणि खर्चाचा लेखी हिशेब मांडावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वर्षअखेरीस ते काम पुढे नेतील अशी दोन-चार माणसे वस्तीतूनच उभी राहावीत. टँकरच्या वेळांची नोंद ठेवणारी एखादी गृहिणी, अर्ज लिहू शकणारा एखादा रिक्षाचालक तयार झाला आणि त्या तरुणावाचूनही काम चालू राहिले, तर वर्ष सार्थकी लागले. स्थानिक नेतृत्व म्हणजे स्थानिकांचे नेतृत्व. बाहेरून आलेल्याने ते जागवून बाजूला व्हावे.

उरतो प्रश्न खर्चाचा. सधन घरातील मुलगा वर्ष देऊ शकेल. छोट्या दुकानदाराच्या किंवा नोकरदाराच्या मुलाने काय करावे? दानाची परंपरा समाजात खोलवर रुजलेली आहे. मंदिराच्या प्रतिष्ठेपासून पर्वकाळापर्यंत मोठमोठ्या बोल्या उत्साहाने बोलल्या जातात. त्याच उदारतेने एखाद्या ट्रस्टने दरवर्षी दोन तरुणांच्या निर्वाहाचा भार उचलला, तर गुणी मुलाला घरच्या परिस्थितीपायी मागे राहावे लागणार नाही. त्या दोघांपैकी एक मुलगी असावी. शिक्षण संपणे आणि विवाह ठरणे यांच्यामधला काळ अनेक मुलींचा केवळ वाट पाहण्यात जातो. तोच काळ एखाद्या वस्तीतील मुलींच्या शिक्षणासाठी किंवा आरोग्यासाठी दिला, तर ती सासरीही केवळ सून म्हणून जाणार नाही, जाणती कार्यकर्ती म्हणून जाईल.

दिवाळीनंतरच्या प्रतिपदेला नवे वीर निर्वाण संवत सुरू होते आणि व्यापाऱ्याच्या घरी नव्या वहीचे पान उघडते. येणे-देणे मांडण्याचा तो दिवस. त्या दिवशी घरातील मंडळी एकत्र बसलेली असतात, पुढच्या वर्षाचे बेत ठरत असतात. त्याच बैठकीत घरातील एका तरुणाच्या किंवा तरुणीच्या वर्षाचा विषय निघावा. कोणती वस्ती, कोणता प्रश्न, दुकानाची जबाबदारी कोणाकडे आणि खर्च किती, हे तेथेच ठरवावे आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर तसे लिहून ठेवावे.