उरलेले जंतू कुठे जातात?

या वेळचा विषय मी निवडलेला नाही बरं का. तो आमच्या पाचवीच्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरून आला आहे.

झालं असं, की शेकडेवारी शिकवत होते. मी विचारलं, "हे टक्क्याचं चिन्ह तुम्ही शाळेबाहेर कुठे कुठे पाहिलंय?" कुणी म्हणालं सेलच्या पाटीवर, कुणी म्हणालं मोबाईलच्या बॅटरीवर. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, तो म्हणाला, "बाई, फरशी पुसायच्या औषधाच्या बाटलीवर. ९९.९ टक्के जंतू मरतात असं लिहिलेलं असतं." मी म्हटलं, "शाब्बास!" पण तो काही खाली बसेना. "मग बाई, उरलेले कुठे जातात?"

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, म्हणून माझी सुटका झाली. "उद्या सांगते," म्हटलं. तेच आज तुम्हालाही सांगते.

आधी गणित करू. वही घ्या. फरशीच्या एका कोपऱ्यात १० लाख जंतू आहेत असं समजा. त्यातले ९९.९ टक्के मेले. उरले किती? एक हजार. आता पोटात राहणारे काही जिवाणू असे आहेत, की ऊब, ओल आणि खाऊ मिळाला तर दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतात. एक हजाराचे दोन हजार, मग चार हजार. तासाभरात आठ हजार. दोन तासांत ६४ हजार. आणि तीन तास २० मिनिटांनी? १० लाख २४ हजार! म्हणजे होते त्याहूनही जास्त.

आता लगेच फिनाईलची बाटली घेऊन धावू नका! कोरड्या फरशीवर जंतूंची एवढी चंगळ नसते, आणि बहुतेक जंतू आपल्याला काही करतही नाहीत. पण माझ्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न पुढेच आहे. जे एक हजार उरले, ते का उरले?

काही नुसते नशिबाने वाचले. मळाच्या थराखाली होते, तिथे औषध पोहोचलंच नाही. म्हणूनच आधी घाण काढायची आणि मग औषध लावायचं, अशी पद्धत आहे. पण काही वाचले ते मुळातच जरा वेगळे होते म्हणून. हे समजायला एक खेळ खेळू. आईला विचारून शंभर चुरमुरे आणि चार शेंगदाणे एका ताटलीत घ्या. चुरमुरे म्हणजे साधे जंतू. शेंगदाणे म्हणजे दणकट जंतू. आणि तुमची फुंकर म्हणजे औषध.

हळूच फुंकर मारा. बरेच चुरमुरे उडतील. समजा वीस उरले. शेंगदाणे मात्र चारही जागेवर! आता जंतू वाढतात ना, म्हणून सगळ्यांची संख्या दुप्पट करा. चुरमुरे चाळीस, शेंगदाणे आठ. पुन्हा तशीच हळू फुंकर. चुरमुरे उरले आठ, आणि शेंगदाणेही आठ. आणखी एकदा दुप्पट करा, फुंकर मारा आणि ताटलीत बघा. शंभरात चार असलेले शेंगदाणे आता ताटलीचे मालक झालेले असतील.

यात एकही शेंगदाणा काही नवीन शिकला नाही, की अंगाने जाड झाला नाही. आपणच फुंकर मारमारून त्यांची निवड केली. आता मुद्दाची गोष्ट. पहिल्याच वेळी गाल फुगवून जोरात फुंकर मारली असती, तर शेंगदाणेही घरंगळले असते. हळू, अर्धवट फुंकर ही शेंगदाण्यांची मैत्रीण!

हे शेंगदाणे येतात कुठून? फळ्यावरचं उतरवून घेताना तुमची एखादी वेलांटी चुकते की नाही? तसंच जिवाणू एकाचे दोन होताना स्वतःची नक्कल काढतो, तेव्हा कधीतरी चूक होते. बहुतेक चुकांनी त्याचं नुकसानच होतं. लाखात, कोटीत एखादी चूक मात्र त्याच्या फायद्याची निघते.

मग त्याला काय काय जमतं ते ऐका. काही जिवाणू औषध आत येण्याचं दारच लहान करतात. काही जण औषधाचे तुकडे करणारी कात्रीच तयार करतात. औषध म्हणजे किल्ली मानली, तर काही जण आपलं कुलूपच बदलून टाकतात. आणि काही जण औषध आत आलं, की बाहेर ढकलतात. आमच्या कोपरच्या मुलांना हे लगेच कळलं. सकाळच्या लोकलमध्ये दिव्याकडे जायला कोपरला चढून बघा. एक पाय आत टाकला, की गर्दीच आपल्याला पुन्हा फलाटावर आणून सोडते! जिवाणूंच्या अंगात असे ढकलणारे पंप असतात. त्यातले काही पंप जंतुनाशकही बाहेर फेकतात आणि पोटात घेतलेलं औषधही. त्यांना गिऱ्हाईक सारखंच.

शिवाय जिवाणू एकमेकांना नक्कल देतात. आपल्या जवळची युक्ती छोट्याशा गोल धाग्यावर लिहून शेजाऱ्याला देऊन टाकतात. परीक्षेत असं केलं तर आम्ही पेपर काढून घेतो. त्यांच्या वर्गात मात्र बाई नसतात.

आता सांगा, अशा जंतूंची निवड सगळ्यात जास्त कुठे होत असेल? जिथे आजारी माणसं खूप, औषधं खूप आणि जंतुनाशकंही खूप तिथे. म्हणजे रुग्णालयात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या रुग्णालयांमधले, आतड्यात राहणाऱ्या एका जातीचे जिवाणू तपासले. ते १९९७ पासून २०१५ पर्यंत साठवून ठेवलेले होते. हात स्वच्छ करायच्या अल्कोहोलसमोर कोण किती टिकतं, ते त्यांनी पाहिलं. २०१० नंतरचे जिवाणू आधीच्यांपेक्षा सुमारे १० पट जास्त तग धरत होते. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून हात धुणं सोडायचं का? छे! साबण-पाणी जंतूंना नुसतं मारत नाही, हातावरून उचलून मोरीत वाहून नेतं. वाहून गेलेला शेंगदाणा पुन्हा ताटलीत येत नाही. फक्त जंतुनाशक वापरायचं तर बाटलीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायचं आणि लिहिलंय तेवढा वेळ राहू द्यायचं. बादलीभर पाण्यात टोपणभर टाकून "वास तर येतोय" म्हणायचं, ही झाली हळू फुंकर.

पण हळू फुंकर फरशीपेक्षा माणसाच्या अंगात फार महागात पडते. पेनिसिलिन हे औषध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलं. १९४५ च्या डिसेंबरमध्ये नोबेल पारितोषिकाच्या वेळी भाषण करताना त्यांनी आनंदाच्या प्रसंगीच एक इशारा देऊन ठेवला. औषध कमी प्रमाणात घेतलं, तर जंतू मरणार नाहीत, उलट दणकट होतील, आणि ते दुसऱ्याच्या जिवावर बेततील. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ मध्ये सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी उभी राहिली आणि पेनिसिलिन आपल्याकडे तयार होऊ लागलं. त्याच्या कितीतरी आधीच हा इशारा दिलेला होता!

आता एक घरची गोष्ट सांगते. मी तुमच्याएवढी असताना माझे धाकटे काका आमच्याकडे राहायला आले. ते भिवंडीला यंत्रमागावर कामाला होते. त्यांना खूप कमी ऐकू यायचं. आम्ही पोरं त्यांच्या मागे उभं राहून हाक मारायचो. ते वळले नाहीत, की तोंडावर हात ठेवून हसायचो. एकदा आईने पाहिलं. ती रागावली नाही. तिने मला जवळ बसवून सगळं सांगितलं.

काकांना टीबी झाला होता, म्हणजे क्षय. सहा महिने गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं, भूक लागायला लागली. गोळ्यांनी मळमळायचं. गोळ्या आणायला गेलं, की त्या दिवसाची मजुरी बुडायची. काकांना वाटलं, आपण बरे झालो. गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी खोकला परत आला, आणि या वेळी रक्त घेऊन आला. आता आधीच्या गोळ्या पुरेशा पडतील याची खात्री राहिली नव्हती. म्हणून आठ महिने औषध, आणि त्यातले पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी काकांचा जीव वाचला, पण कान गेले. कानाला इजा होणं हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

त्या दिवसापासून मी त्यांच्या समोर जाऊन हाक मारायला लागले.

सहा महिने कशाला, असं काकांसारखं तुम्हालाही वाटलं असेल. टीबीचा जंतू मोठा आळशी. पोटातला जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो, हा दिवसातून जेमतेम एकदा. काही तर महिनोन्महिने झोपून राहतात. औषध जागे असलेल्यांना आधी मारतं. म्हणून माणसाला लवकर बरं वाटतं, पण झोपलेले आतच असतात.

आणि एकाच वेळी इतकी औषधं का? पुन्हा गणित! एका औषधाला दाद न देणारा जंतू साधारण १० लाखांत एक सापडतो, दुसऱ्या औषधाचा १० कोटींत एक. दोन्हींना एकदम पुरून उरणारा किती जंतूंत एक? गुणाकार करा. एकावर चौदा शून्यं! एवढे जंतू माणसाच्या फुप्फुसात मावणारच नाहीत. म्हणजे एकाच्या तावडीतून सुटला, तरी दुसऱ्याच्या हाती सापडतो. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं, तेव्हा सुरुवातीला ते एकटंच देत. कितीतरी रोगी बरे वाटून पुन्हा आजारी पडले. तिथूनच डॉक्टर औषधांची जोडी लावायला शिकले.

ही जोडी मोडली तर काय होतं, ते मुंबईने पाहिलंय. २०११ च्या डिसेंबरमध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉक्टर झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांचा टीबी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हता. त्यांनी लिहिलं, की अशा रुग्णांनी आधी या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत एकेक औषध वाढवून, चुकीच्या प्रमाणात घेतलेलं होतं. हळू फुंकर, पुन्हा पुन्हा. साऱ्या जगाचं लक्ष त्या बातमीने मुंबईकडे गेलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. बेडाक्विलीन नावाचं नवं औषध आलं. ते गोळीच्या रूपात घेता येतं, त्यामुळे कान घालवणाऱ्या इंजेक्शनांची गरज कमी झाली. मात्र ते महाग होतं, आणि त्याच्या कंपनीला भारतात आपला एकटीचा हक्क आणखी काही वर्षं वाढवून हवा होता. त्याला २०१९ मध्ये दोघींनी हरकत घेतली. एक मुंबईची नंदिता वेंकटेसन आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेतली फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबी झालेला, आणि दोघींचीही ऐकण्याची शक्ती टीबीच्या औषधानेच गेलेली. २०२३ च्या मार्चमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनीची मागणी फेटाळली गेली आणि इतर कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली. ही बातमी मी काकांना कागदावर लिहून दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

आता तुम्ही काय करायचं? सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही. म्हणून सर्दी झाली, की "बाबा, ती कॅप्सूल आणा" असा हट्ट धरायचा नाही. पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. गेल्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या या वेळी मुलाला देऊ नका, शेजारणीच्या मुलालाही देऊ नका. डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितलं तेवढे दिवस औषध द्या. बंद करावंसं वाटलं, तर आधी त्यांनाच विचारा. टीबीची औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. काकांच्या वेळी हे पैसे मिळत नव्हते.

आणि कुणाच्या घरी टीबीचं औषध चालू असेल, तर त्या मुलाचा डबा बाजूला सारू नका. त्याच्या घरातलं माणूस रोज गोळी घेतंय, म्हणजे ते आपल्या सगळ्यांसाठीच जोरात फुंकर मारतंय.

या आठवड्याचा गृहपाठ: आई-बाबांना सोबत घेऊन घरातला औषधांचा डबा उघडा. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ शोधा. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध. अशी किती पाकिटं अर्धवट उरली आहेत ते मोजा आणि मला पत्राने कळवा. गोळ्यांना हात फक्त मोठ्यांनी लावायचा!

काका आता साठीचे आहेत, ठणठणीत आहेत. रविवारी आमच्याकडे येतात. फलाटावरची घोषणा त्यांना ऐकू येत नाही. म्हणून लोकल येताना दिसेपर्यंत ते रुळांकडे बघत उभे राहतात, आणि मी त्यांच्या शेजारी.

तुमच्या,
बाई