स्पेलमन कॉलेजला 10 कोटी डॉलरची देणगी, पण विद्यार्थिनींच्या हाती नेमकं काय पडणार?

अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या स्पेलमन कॉलेजने जानेवारी 2024 मध्ये एक मोठी घोषणा केली. रोंडा स्ट्रायकर आणि त्यांचे पती विल्यम जॉन्स्टन यांनी कॉलेजला 10 कोटी डॉलर दिले. तेव्हाच्या दराने सुमारे 830 कोटी रुपये. कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या ऐतिहासिक शिक्षणसंस्थांपैकी (अमेरिकेत त्यांना 'एचबीसीयू' म्हणतात) एखाद्या संस्थेला मिळालेली ही तोवरची सर्वांत मोठी देणगी होती.

आकडा वाचून वाटतं, आता या कॉलेजात सगळ्यांची फी माफ. तसं झालेलं नाही. होणारही नव्हतं.

मुळात स्पेलमन काय आहे?

स्पेलमन हे मुलींचं लिबरल आर्ट्स कॉलेज आहे. लिबरल आर्ट्स म्हणजे आपल्याकडची 'आर्ट्स साइड' नव्हे. इथे भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी इतिहास आणि साहित्यही शिकते. कॉलेज छोटं असतं, भर पदवी शिक्षणावर असतो आणि वर्गात मोजकी मुलं असतात. साहजिकच हे शिक्षण महाग पडतं.

1881 मध्ये सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या दोघींनी एका चर्चच्या तळघरात 11 विद्यार्थिनींना शिकवायला सुरुवात केली. हाती होते 100 डॉलर. विद्यार्थिनींपैकी बहुतेक जणी गुलामीतून सुटलेल्या. (महात्मा फुले यांनी गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो याच्या आठच वर्षं आधी, 1873 मध्ये.) पुढे तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांनी मदत केली आणि 1884 मध्ये संस्थेला त्यांच्या पत्नीच्या माहेरचं नाव मिळालं, स्पेलमन. म्हणजे या कॉलेजचं नावच मुळात देणगीदाराच्या घरातून आलेलं आहे.

मग 10 कोटींचं गणित काय?

यातले साडेसात कोटी डॉलर शिष्यवृत्तीसाठी आहेत. पण ते थेट वाटायचे नाहीत, 'एन्डोमेंट'मध्ये ठेवायचे आहेत. एन्डोमेंट म्हणजे कायमचा निधी. मुद्दल गुंतवायची, तिला हात लावायचा नाही आणि दरवर्षी साधारण 4 ते 5 टक्के रक्कम खर्चायची. आपल्याकडे गावातला एखादा ट्रस्ट ठेवीच्या व्याजातून बक्षिसं देतो, तसंच.

4.5 टक्के धरले तर वर्षाला सुमारे 34 लाख डॉलर हाती येतात. स्पेलमनमध्ये विद्यार्थिनी आहेत सुमारे अडीच हजार. सगळ्यांना सारखे वाटले तर प्रत्येकीला वर्षाला 1,350 डॉलरच्या आसपास. राहण्या-जेवणासह एका वर्षाचा खर्च 50 हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणजे संपूर्ण खर्च उचलायचा ठरवला तर या विक्रमी देणगीतून साधारण 65 ते 70 मुली शिकतील. मात्र दरवर्षी शिकतील आणि कायम शिकत राहतील. एन्डोमेंटची खरी ताकद तिथे आहे.

तुलनेसाठी मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज घ्या. तेही लिबरल आर्ट्स, विद्यार्थी स्पेलमनपेक्षा थोडे कमीच. त्याचा एन्डोमेंट 3 अब्ज डॉलरहून जास्त आहे. श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या पिढ्यानपिढ्यांचा पैसा तिथे साठत आणि वाढत गेला. गुलामीतून सुटलेल्यांच्या लेकींकडे देण्यासारखं काय होतं? ही दरी एका चेकने बुजणारी नाही.

पैसा कुणाच्या मर्जीने खर्च होतो?

उरलेले अडीच कोटी डॉलर सार्वजनिक धोरण आणि लोकशाही या विषयांचा अभ्यास, वसतिगृहांची सुधारणा आणि कॉलेजच्या इतर गरजांसाठी आहेत. यातला 'इतर गरजा' हा भाग कॉलेजांना सगळ्यात मोलाचा वाटतो. नवी इमारत बांधायला देणगीदार सहज मिळतो, कारण तिच्यावर नाव लागतं. जुन्या वसतिगृहाचं प्लंबिंग बदलायला कोण येणार? मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020 मध्ये स्पेलमनला 2 कोटी डॉलर कोणतीही अट न घालता दिले, म्हणून त्याची एवढी चर्चा झाली.

स्ट्रायकर 1997 पासून कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर आहेत. म्हणजे देणगीदार कारभारातही आहेत. त्यात गैर काही नाही, अमेरिकेत ही रूढ पद्धत आहे. पण देणगीदाराशी जुळलेलं नातं कॉलेजला महागातही पडू शकतं, हे स्पेलमनने अनुभवलंय. विनोदी अभिनेते बिल कॉस्बी आणि त्यांच्या पत्नी कॅमिल यांनी 1988 मध्ये 2 कोटी डॉलर दिले होते. कॉस्बींवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाल्यावर त्यांच्या नावाचं प्राध्यापकपद कॉलेजने 2014 मध्ये स्थगित केलं, 2015 मध्ये बंद केलं आणि त्याचा निधी परत केला.

देणगीदार स्पेलमनकडेच का वळतात?

कारण निकाल दिसतात. विज्ञान-तंत्रज्ञानात पीएचडी करणाऱ्या कृष्णवर्णीय महिलांनी पदवी कुठून घेतली, हे पाहिलं तर स्पेलमनचं नाव अगदी वरच्या रांगेत येतं. 'यूएस न्यूज'च्या एचबीसीयू क्रमवारीत ते अनेक वर्षं सलग पहिलं आहे. मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मॅरियन राइट एडलमन, जॉर्जियाच्या राजकारणातल्या स्टेसी अब्राम्स, उद्योगजगतातल्या रोझलिंड ब्रुअर या इथल्याच.

यातून एक अडचणही तयार होते. यश दिसतं तिथे पैसा जातो आणि पैसा जातो तिथे यश वाढतं. सुमारे शंभर एचबीसीयूंपैकी बहुतेकांना असा फोन कधीच येत नाही. त्यामुळे मोठ्या आकड्याचा मोह पडतो. मे 2024 मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाने पदवीदान समारंभातच 23.7 कोटी डॉलरच्या देणगीची घोषणा केली. ती रोख नव्हती, एका खासगी कंपनीच्या शेअर्समध्ये होती. प्रश्न विचारले जाऊ लागल्यावर काही दिवसांतच विद्यापीठाने व्यवहार थांबवला, जुलैमध्ये अध्यक्षांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि चौकशी अहवालात देणगी वैध नसल्याचं स्पष्ट झालं.